शाळा कुणी उघडली, शाळा कुणी चालवली

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेत शिरलं, की भिंतीवरच्या सुविचाराआधी छताचा पंखा बघावा. त्याच्या पात्यांवर ऑइलपेंटने अक्षरं काढलेली असतात. एका पात्यावर कैलासवासी वडिलांचं नाव, दुसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ', तिसऱ्यावर देणाऱ्या मुलाचं नाव आणि गाव. पंखा फिरायला लागला की तिन्ही पाती एकमेकांत मिसळतात, काही वाचता येत नाही. वीज गेली की देणगीदार पुन्हा दिसायला लागतो. पंखा देणारे पुष्कळ असतात. त्या पंख्याचं दर महिन्याचं बिल आपल्या नावावर लावून घेणारा मात्र सहसा भेटत नाही.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला 'दातृत्व'. गावची प्राथमिक शाळा हे दातृत्वाचं सगळ्यांत हाताशी असलेलं उदाहरण, आणि ते पाहायला दहिवली ही जागा सोयीची. कर्जत स्टेशनातून बाहेर पडून बाजारपेठ मागे टाकली, उल्हास नदीवरचा पूल ओलांडला, की दहिवली. आज ही वस्ती कर्जत नगरपरिषदेत मोडते, पण सातबाऱ्यावर ती अजून 'दहिवली तर्फे नीड' आहे. याच तालुक्यात दुसरी 'दहिवली तर्फे वरेडी' असल्यामुळे नावाला ही शेपटी लागते. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला मुंबईकरांची दुसरी घरं आणि इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस. कुणी, कशासाठी आणि किती काळ दिलं, हे तीन प्रश्न इथे एका नजरेत सापडतात. शाळा उघडायला दान लागतं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण शाळेवरचा हक्क दानातून येत नाही, तो करातून येतो, आणि आपण फलकांवर नेमकी उलटी नोंद करत आलो आहोत, असं या लेखाचं म्हणणं आहे.

ओटी, देऊळ आणि शिधा

सरकारी शाळा येण्याआधी इथे शाळा नव्हत्या असं नाही. पंतोजींची शाळा भरायची ती कुणाच्या तरी ओटीवर, देवळाच्या सभामंडपात किंवा चावडीत. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचं, मोडी वळण घोटायचं आणि तिन्हीसांजेला पाढे म्हणायचे. त्यात पूर्णांकांपेक्षा अपूर्णांकांची मातब्बरी मोठी: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पंतोजींना शिधा मिळे, सणाला काही वर मिळे. ओटी देणारा भाडं मागत नसे. आज ज्याला आपण 'लोकसहभाग' म्हणतो तो सगळाच्या सगळा तेव्हा होता, आणि त्या अर्थाने गावची शाळा जन्मापासूनच धर्मादाय होती.

पण ओटी ज्याची, त्याच्या घराचा नियम शाळेलाही लागतो. देवळात भरणाऱ्या शाळेत महारवाड्यातलं मूल पायरीच्या आत येऊ शकत नव्हतं, कारण देऊळच त्याला बंद होतं. दान देणाऱ्याने कुणाला मुद्दाम वगळलं, असंही म्हणायची गरज नाही. त्याने आपली जागा दिली आणि जागेबरोबर जागेची शिवाशीवही दिली. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर तर ओटीच नव्हती. कूड आणि गवताच्या झोपडीत बसवायला जागा कुणाची आणि पंतोजीला शिधा द्यायला धान्य कुणाकडे? जिथे देण्यासारखं काही शिल्लक असतं तिथेच दानाची शाळा उगवते.

सरकारी शाळेचं दारही आपोआप उघडलं नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने अर्ज केला. मुंबई सरकारने आधी पाय मागे घेतला. एका मुलासाठी शाळा ओस पडेल, ही भीती. प्रकरण वरपर्यंत गेलं आणि १८५८ साली सरकारने धोरण जाहीर केलं ते असं: जी शाळा केवळ सरकारी खर्चाने चालते ती सर्व जातींना खुली राहील, आणि अंशतः मदत घेणारी शाळा जातीवरून कुणाला नाकारत असेल तर तिची मदत काढून घेण्याचा अधिकार सरकार राखून ठेवेल. प्रत्यक्षात पुढची कित्येक वर्षं मुलं व्हरांड्यात, दाराबाहेर, वेगळ्या गोणपाटावर बसत राहिली, हे खरंच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे धारवाडचा हा दाखला देताना सरकारच्या कचखाऊपणावरच बोट ठेवलं होतं. तरीही त्या धोरणात एक रेघ ओढली गेली. पैसा सार्वजनिक असेल तर दार बंद करता येत नाही, असं प्रथमच कागदावर आलं.

तीच रेघ ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळातल्या सी. के. बोले यांच्या ठरावात पुन्हा दिसते. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. चार वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर जे घडलं त्याच्या मागे हाच ठराव होता. महाड आणि कर्जत तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात होते. ठरावाने खाजगी विहिरीला हात लावला नाही, खाजगी शाळेलाही नाही. हक्क सांगता आला तो फक्त सरकारी आणि नगरपालिकेच्या पैशावर.

रुपयामागे एक आणा

तो सार्वजनिक पैसा आला कुठून? १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसली. तिला लोकल फंड म्हणत. दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शिक्षणाला, अशी तिची साधारण वाटणी. म्हणजे नदीकाठच्या खाचरात भात पिकवणारा कुणबी किंवा आगरी रुपयामागे चार पैसे साऱ्यासोबत निमूटपणे भरत होता आणि त्यातल्या पैशावर कुठेतरी शाळा उघडत होती. ती बहुधा त्याच्या वाडीत नसे. कसब्याच्या किंवा बाजारच्या गावी असे, आणि तिथे बसणारी मुलं बहुधा सारा भरणाऱ्याची नसत.

हा हिशोब सगळ्यांत सडेतोड मांडला जोतीराव फुल्यांनी. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांचा रोख दान मिळत नाही यावर नव्हता, तर घेतलेला कर परत येत नाही यावर होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार. लोकल फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शिक्षणाला द्यावा, बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं असावं, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत आणि त्यांचा पगार महिना १२ रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावी १५ ते २० असावा, अशा बारकाईने त्यांनी मागण्या केल्या. स्वतः शाळा काढून, स्वतः झीज सोसून पाहिलेला माणूस सरकारपुढे गेला तेव्हा देणगी मागत बसला नाही, त्याने शिक्षकाच्या पगाराचा आकडा मागितला. दातृत्वाच्या विशेषांकात हे आवर्जून लिहायला हवं.

यावर कुणी म्हणेल, कर म्हणजे सक्ती. सक्तीने काढलेल्या आण्याला दान कसं म्हणायचं? म्हणू नये. पण मग ज्या इमारतीचा मुख्य खर्च सक्तीच्या आण्यातून झाला तिच्या दर्शनी भिंतीवर स्वखुशीच्या शंभर रुपयांचा संगमरवर का, हेही विचारावं. १८९१ पर्यंत कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं, मग कुलाब्यात आलं, आता रायगडात आहे. शाळांचे मालकही बदलत गेले: लोकल बोर्ड, स्कूल बोर्ड, १९६२ पासून जिल्हा परिषद, शहरांत नगरपालिका. पट्टी भरणाऱ्याचं नाव यांतल्या कुणीही कुठल्या भिंतीवर लिहिलं नाही.

डोंगरावरचा वकील

या मांडणीला सगळ्यांत मोठा धक्का देणारं उदाहरण याच तालुक्यातलं आहे, म्हणून ते टाळून चालणार नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. माथेरान म्हणजे मुंबईच्या श्रीमंतांनी उन्हाळ्यासाठी घडवलेला डोंगर. १९०७ पासून वर जायला छोटी गाडी. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, नेरळपासून सिद्धगडाच्या बाजूपर्यंत, शेतकऱ्यांच्या आणि ठाकरा-कातकऱ्यांच्या वाड्या, जिथे शाळेचं नाव नव्हतं. कोतवाल शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेत निवडून आले, उपाध्यक्ष झाले. वकिली चालवून सुखाने राहता आलं असतं. त्यांनी कर्जत तालुक्यातल्या गावांमध्ये स्वयंसेवी शाळा काढल्या आणि त्याच हाताने धान्यकोठी उभी केली.

शाळा आणि धान्यकोठी या दोन गोष्टी एकत्र का आल्या, हे कळलं तर त्यांच्या शाळेचं वेगळेपण कळतं. पावसाळ्याच्या तोंडावर घरातलं भात संपतं. आवणीला माणसं लागतात, माणसांना भाकरी लागते. तेव्हा सावकाराकडून धान्य उचलायचं आणि कापणीनंतर फेडायचं. मणाचे सव्वा मण, मणाचे दीड मण, कधी दुप्पट. सवाई, दिढी, दुणी हे त्या व्यवहाराचे शब्द. पंतोजींच्या शाळेतली सवायकी आणि दिडकी आठवा. ज्याला दिडकीचा पाढा येतो तो वही लिहितो आणि ज्याला येत नाही तो तिच्यावर अंगठा उठवतो. कोठी नसेल तर पाढा येऊनही दिढीनेच उचलावं लागेल आणि पाढा नसेल तर कोठीतही हिशोबाचा घोळ होईल. कोतवालांनी दोन्हीकडून एकदम हात घातला, कारण कुळांचे कज्जे हाताळणाऱ्या वकिलाला वहीतल्या अंगठ्याची किंमत माहीत असते.

इथे आक्षेप असा येतो: बघा, कराच्या शाळा पोचल्या नाहीत तिथे एका माणसाचं दातृत्व पोचलं, मग हक्क करातून येतो हे कसं? आक्षेप वजनाचा आहे. नुसत्या लोकल बोर्डाच्या भरवशावर राहिले असते तर त्या वाड्यांनी आणखी किती वर्षं वाट पाहिली असती, कोण जाणे. पण पुढचं पाहावं लागतं. १९४२ च्या ऑगस्टनंतर कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या काळात विजेचे मनोरे पाडले, मुंबईकडे जाणारी वीज तोडली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवालांचं वय तेव्हा तीस. ज्या शाळेचा पाया एका माणसाची तळमळ आणि सोबत्यांचे विनामूल्य तास, ती त्या माणसाच्या आयुष्याला बांधलेली असते. हा दोष त्यांचा नाही. स्वयंसेवी शाळेचा स्वभावच तो आहे.

हा स्वभाव कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओळखला होता असं दिसतं. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेने शाळा नसलेल्या खेड्यांत ५७८ व्हॉलंटरी शाळा चालवल्या, आणि पुढे त्या स्कूल बोर्डांकडे सोपवल्या. ही माघार नव्हती. शाळा काढून दाखवायची, मुलं येतात हे सिद्ध करायचं, मग सरकारला म्हणायचं, आता तुमचं तुम्ही सांभाळा. पुढे मोठ्या झालेल्या शिक्षणसंस्थांकडे बोट दाखवून 'शंभर वर्षं दानावर चालल्या' असं म्हणणाऱ्यांनी त्यांची पगारपत्रकं पाहावीत. जागा दानाची, इमारत दानाची, पण मास्तरांचा पगार सरकारी वेतन अनुदानातून. 'अनुदानित' हा शब्द पाटीवर बारीक अक्षरात असतो, एवढंच.

पाच वर्षांसाठी नाव

आता आजचा मामला. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने दत्तक शाळा योजना काढली. कंपनी, संस्था किंवा व्यक्तीने सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यावी. ग्रामीण आणि नगरपरिषद भागात पाच वर्षांसाठी ५० लाख आणि दहा वर्षांसाठी १ कोटी इतक्या मोलाची मदत. ती रोख नाही, वस्तू आणि सेवा या रूपात. देणगीदाराला हवं असेल तर तेवढ्या काळापुरतं त्याने सुचवलेलं नाव शाळेच्या नावाला जोडता येईल. दहिवली या भागात मोडते, तेव्हा हे आकडे तिला लागू.

दुसऱ्या बाजूला समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान ठेवून बघा. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये. १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. यात खडू, रजिस्टरं, झाडू, फिनेल, किरकोळ दुरुस्ती, वीज आणि कौलं फुटली तर कौलं. कर्जतला पाऊस कसा पडतो हे ज्याने पाहिलंय त्याला दहा हजारांत किती कौलं बदलतात ते सांगायला नको. वाडीवरच्या शाळेचे मास्तर बिलाची तारीख उलटली की स्वतःच्या खिशाकडे बघतात. आणि अशा शाळेला कुणी दत्तक घेतलंच तर काय येणार? स्मार्ट बोर्ड, टॅब, रंगवलेल्या भिंती, ई-लर्निंगचा संच. म्हणजे बिल वाढणार. पंख्याचीच गोष्ट, मोठ्या आकड्यात.

'सरकार देत नाही, आणि देणाऱ्यालाही तुम्ही नावं ठेवता,' हा राग समजण्यासारखा आहे. शनिवार-रविवारी डोंगर चढायला येणारे मुंबईचे गट जूनमध्ये वह्या, छत्र्या, दप्तरं घेऊन येतात. रस्त्याकाठच्या वाडीला तीन-तीनदा वह्या मिळतात आणि दोन ओढे ओलांडून जावं लागणारी वाडी कोरडी राहते, तरी त्यांच्या मनात खोट नसते. शेतघर बांधलेला कुणी शाळेला पाण्याची टाकी देतो, मुलं त्या टाकीचं पाणी पितात. यात वाईट काही नाही. ही मदत नाकारा असं इथे सुचवायचंही नाही. फक्त ती काय करू शकत नाही हे नीट मोजलं पाहिजे. २०२३ मध्येच २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळा करायची चर्चा सुरू झाली. राज्यात अशा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून अधिक. वाडीवरची बारा मुलांची शाळा राहणार की जाणार, हे टाकी देणारा ठरवत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी म्हणून ती तिथे आहे, आणि त्या कायद्याच्या बळावरच वाडीतली आई व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारू शकते, की मास्तर दोनाचे एक का झाले. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात, तेही त्या कायद्यानेच. देणगीदाराला ती असं विचारू शकत नाही. त्याने दिलं, उपकार झाले, पुढच्या वर्षी नाही दिलं तर काय बोलणार?

'पालकच मुलांना इंग्रजी शाळेत घालतात, मग ही शाळा कुणासाठी?' हाही प्रश्न पुलाच्या दोन्ही बाजूंना ऐकू येईल. फी भरू शकणाऱ्याने भरावी. पण भातकापणी आणि दिवाळी आटोपली की कातकरी घरं पोरंबाळं, कोंबड्या, टोप घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, कागदावर हंगामी वसतिगृहं आहेत, पण खरी हमी एकच: जूनमध्ये परत आल्यावर त्याच वर्गात, त्याच हजेरीपटावर नाव शिल्लक असणं. फीची शाळा ते नाव ठेवणार नाही, आणि करारावरची मदतही आपल्या मुदतीपुरतीच असते.

जनरल रजिस्टर

शाळेची किंमत शाळेबाहेरच्या माणसाला कळते ती बहुतेक वेळा एका जाड, कापडी बांधणीच्या वहीपाशी. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. कारणाच्या रकान्यात ठरावीक वाक्यं असतात: 'परगावी गेल्याने', 'सतत गैरहजर', 'पुढील शिक्षणासाठी'. वर्तणूक जवळपास सगळ्यांची 'चांगली'. मास्तर बदलला की शाईचा रंग बदलतो आणि जन्मतारखांमध्ये १ जून पुन्हा पुन्हा येते.

जातीचा दाखला काढणाऱ्याला या वहीची धाव कुठवर जाते ते विचारा. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी १९५० च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. सातबारा नसलेल्या, घराला नंबर नसलेल्या ठाकूर किंवा कातकरी कुटुंबाकडे आजोबा या मुलखात होते, याचा कागद असेल तर तो बहुधा हाच. २०२३ च्या सप्टेंबरनंतर न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला निघालेले कर्मचारीही गावोगावच्या शाळांमध्ये याच वह्या चाळत होते. ओटीवरच्या पंतोजींनी अशी वही ठेवली नव्हती. त्यांना तशी गरज नव्हती, मुलगा कुणाचा हे ओटीला ठाऊक असे. वही ठेवावी लागली ती लोकल बोर्डाला, कारण पैसा लोकांचा होता आणि किती मुलांवर खर्च झाला ते दाखवायचं होतं.

शाळेच्या कपाटात, गणवेशाच्या गाठोड्याखाली आणि तुटलेल्या तराजूशेजारी, ती वही असते. कडा कुरतडलेल्या, काही पानं सुटी, शिवण उसवलेली. नातवाच्या प्रवेशासाठी कुणी उतारा मागायला आलं, की मास्तर ती दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवतात, पंखा बंद करतात, नाहीतर पानं उडतात, आणि बोट ओलं न करता एकेक पान उलटत साल शोधतात. काही नोंदी मोडीत असतात. मग मोडी वाचणारा कुणी मिळेपर्यंत त्या पानात कागदाची खूण घालून वही पुन्हा कपाटात जाते.